बिराजदार बाईंचं ‘कशात?’

कुणी कुणाला मोठं म्हणालं आणि बिराजदार बाई जवळपास असल्या, की संपलंच. “कशात?” एवढंच विचारायच्या. आवाज चढवायच्या नाहीत, चेहऱ्यावर खोचकपणाही नसायचा. खरोखर माहिती हवी आहे म्हणून विचारल्यासारखं विचारायच्या आणि समोरचं माणूस गार पडायचं.

आमच्या मुलींच्या हायस्कुलात एकदा गॅदरिंगला एक पाहुणे आले होते. चांगले रंगात आलेले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “आमचं सोलापूर पुण्यापेक्षा मोठं आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्या आणि पहिल्या रांगेतून बाईंचा तो शांत आवाज आला, “कशात?” पाहुणे थबकले. पाणी प्यायले. मग म्हणाले, “मनानं.” बाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे वाकून विचारलं, “मोजलं कधी ह्यांनी?” मी पदराचा बोळा तोंडात कोंबला म्हणून वाचले, नाहीतर त्याच दिवशी नोकरी गेली असती.

त्यांना निरुत्तर करणारा एकच माणूस मी पाहिला, तो मंडईतला भाजीवाला. “बाई, ही मेथी लई भारी हाय.” “कशात?” “भाजीत की वो!” बाई इतक्या खूष झाल्या की दोन जुड्या जास्तीच्या घेतल्या, आणि पुढचा आठवडाभर आम्हाला शिक्षकांच्या खोलीत मेथीची भाजी खावी लागली.

मी त्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. बाई तिथं माझ्या आधी किती तरी वर्षं गणित शिकवत होत्या. मूळच्या अक्कलकोटच्या पलीकडच्या, सीमेजवळच्या गावच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि फळ्याकडे तोंड करून स्वतःशी आकडे मोजताना पुन्हा कानडी. ‘वंदू, येरडू, मूरू’ अशी कुजबुज फळ्यावरून यायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, हातावर कायम खडूची भुकटी. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत, आणि डब्यात, तो मेथीचा आठवडा सोडला तर, बारा महिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. त्यांचं लग्न का झालं नाही हे मला कधी कळलं नाही. शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि त्यात त्यांना काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही. मी त्यांना बाई म्हणायचे. त्या मला कमलताई म्हणायच्या, मी वयानं एवढी लहान असूनही.

आता एका शब्दाची गोष्ट. नवा अभ्यासक्रम आला त्या वर्षी गणितात एक नवं प्रकरण आलं. शिक्षकांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक आधी इंग्रजीतून आलं होतं. बाई ते हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

“येन्री कमलताई, हा इनइक्वॅलिटी शब्द तुमच्या इंग्रजीत कुठं कुठं येतो?”

येन्री म्हणजे ‘काय हो’. मला जरा चढलंच. इंग्रजीतलं कुणी काही विचारलं की त्या वयात मला चढायचं. मी म्हटलं, “अग्रलेखात येतो. भाषणात येतो. गरीब-श्रीमंत, बायका-पुरुष, गोरे-काळे. विषमता म्हणतो ना आपण, ती.”

“म्हणजे चांगली गोष्ट का वाईट?”

“वाईट! चांगली कशी असेल? इंग्रजीत तो शब्द आला की पाठोपाठ ती नष्ट करा, दूर करा असं येतंच.”

बाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, “अय्यो! गणितातली दूर केली तर गणितात उरेल काय? तीन हा पाचापेक्षा लहान आहे. ही तक्रार आहे का? ही माहिती आहे. तिनावर कुणी अन्याय केलेला नाही.”

मी म्हटलं, “शब्द एकच, पण मामला वेगळा. आमच्याकडे तो शब्द कुणी उच्चारला की आवाजात राग असतो.”

“आणि आमच्याकडे दिशा असते,” बाई म्हणाल्या. “तुमच्यात दोन गोष्टी सारख्या नाहीत एवढं म्हटलं की झालं. आमच्यात तेवढ्यानं भागत नाही. चिन्हाचं तोंड कुणाकडे उघडं, ते लिहावं लागतं. नाही लिहिलं तर गणित अर्धं. आणि बघा की, समान असणं म्हणजे रेघेवरचा एकच बिंदू. असमान म्हणजे उरलेली सगळी रेघ, अलीकडची न् पलीकडची. एवढी मोठी रेघ काय नष्ट करता?”

खोटं नाही सांगत, त्या शब्दाचे अर्थ मी पाठ केले होते, परीक्षेत लिहून पासही झाले होते. पण हा शब्द कुणी असा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहताना मी पहिल्यांदा बघत होते.

आणि लगेच दुसरी बाजूही त्यांनीच दाखवली. उठता उठता म्हणाल्या, “पण तुमच्या अग्रलेखवाल्यांचंही खरं आहे. रेघेवर तीन मागं आहे म्हणून त्याला कुणी शेवटच्या बाकावर बसवत नाही. माणसं बसवतात. राग त्याचा आहे.”

शेवटचं बाक म्हणजे आमच्या शाळेतली जुनी रीत. वार्षिक परीक्षेच्या बेरजेवर क्रमांक लागायचे आणि त्या क्रमांकानं मुली वर्षभर बसायच्या. पहिली पहिल्या बाकावर, आणि नापास होत होत वाचलेली खिडकीपाशी मागं. तुकड्याही तशाच. हुशार त्या अ तुकडीत, मधल्या ब मध्ये, उरलेल्या क मध्ये. बाईंना ती रीत बदलता येत नव्हती. पण स्वतःच्या तासाला त्या काय करायच्या ते ऐका.

हे असमानतेचं प्रकरण शिकवायला त्यांनी मुलींना मैदानावर नेलं. खेळाच्या रेघा मारायची फक्की घेतली आणि एक लांबच लांब रेघ ओढली. मधोमध कडुलिंबाचं झाड, ते शून्य. उजवीकडे एक, दोन, तीन. डावीकडे उणे एक, उणे दोन. प्रत्येक मुलीला एक आकडा देऊन उभं केलं. पहिल्या बाकावरची मुलगी ऐटीत सगळ्यात उजवीकडे, दहावर. मग बाई ओरडल्या, “आता सगळ्यांना उणे एकनं गुणा!”

पोरी धावल्या. धक्काबुक्की, किंचाळ्या, धूळ. प्रत्येकीनं झाडाला वळसा घालून पलीकडची आपली जागा घेतली. धूळ बसली तेव्हा दहावरची पोरगी उणे दहावर, सगळ्यांच्या मागं उभी होती, आणि मघाशी मागं असलेल्या तिच्यापुढं होत्या. ती रडायला लागली. बाईंनी तिचे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले, पदराच्या खडूनं तिचा गाल पांढरा झाला. “अगं, तू तीच आहेस की. झाडापासून तुझं अंतर तेवढंच आहे बघ. गुणणारं उणं होतं म्हणून रांग फिरली. लक्षात ठेवा गं पोरींनो, उण्यानं गुणलं की चिन्हाचं तोंड फिरवायचं. हे विसरलात तर सगळं बरोबर करूनही उत्तर चुकणार.”

गच्चीवरून आमच्या मुख्याध्यापिका हे पाहत होत्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. मोठ्या कशात, हे बिराजदार बाईंनी त्यांना कधी विचारलं नाही, एवढं भान त्यांना होतं. मोठ्या बाई उंच, शिस्तीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. मनानं वाईट मुळीच नव्हत्या. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की क तुकडीला बीजगणित झेपत नाही.

क तुकडीत बहुतेक मुली शहराच्या पूर्वभागातल्या, मागवाल्यांच्या. घरी तेलुगू, खालच्या खोलीत यंत्रमाग, आणि शाळेआधी-शाळेनंतर मागासाठी कांड्या भरायचं काम. कांडी म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची लहान गुंडाळी. दिवसाला ढीगभर लागतात आणि त्या घरातल्या पोरीच भरतात. दुष्काळानंतरचं ते वर्ष. मोठ्या बाईंनी बैठकीत सांगून टाकलं, की नववीच्या क तुकडीला यापुढं बीजगणित-भूमिती नको, नुसतं सोपं अंकगणित द्यावं. मुली पास तरी होतील, शाळेचा निकाल तरी सुधारेल.

ऐकायला दयाळूपणाचं होतं. पण बीजगणित सुटलं की पुढं सायन्सचं दार बंद, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि क तुकडीत नरसम्मा होती.

नरसम्मा शेवटच्या बाकावरची. किडकिडीत, मोठाल्या डोळ्यांची, बोटांवर सुताचे बारीक चरे पडलेली. मराठी बेताचं, इंग्रजीत तर माझ्यासमोर उभी राहिली की नुसती थरथरायची. पण तिची आजी सरकारी दवाखान्यात महिनाभर होती तेव्हा तिनं तिथल्या नर्सेस पाहिल्या होत्या, आणि तिला नर्स व्हायचं होतं. पांढरे कपडे, थर्मामीटर, सगळं. बिराजदार बाईंना तिनं हे सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगायची तिची छाती नव्हती.

बैठकीत बाई उठल्या. “मोठ्या बाई, तुम्ही क तुकडी लहान कशावरून ठरवली?”

“बेरजेवरून. सगळ्या विषयांच्या.”

“एकीला शिवणात साठ, गणितात तीस. दुसरीला शिवणात तीस, गणितात साठ. मोठी कुठली?”

“बेरीज सारखीच आहे.”

“म्हणजे त्या पोरी सारख्या?” बाई म्हणाल्या. “दोन आकड्यांच्या माणसाला तुम्ही एका रेघेवर उभं करता. तिथं माझं चिन्ह चालतच नाही. आणि पोरी तर दोन आकड्यांच्याही नाहीत, शंभर आकड्यांच्या आहेत.”

मोठ्या बाई थोड्या चिडल्या. म्हणाल्या, “बिराजदार, तत्त्वज्ञान पुरे. सहामाहीत तुमच्या क तुकडीतली एकही मुलगी बीजगणितात नापास झाली नाही, तर ठेवते. एक जरी नापास झाली तर सगळ्यांचं काढते. कबूल?”

मी टेबलाखालून बाईंचं लुगडं ओढलं. एवढ्या तुकडीत एकही नाही? कुणाच्या बापाला जमलं असतं? पण बाई शांतपणे म्हणाल्या, “कबूल की. अट चांगली आहे.”

बाहेर आल्यावर मी जाम भडकले. “अहो, तुम्हाला फसवलंय त्यांनी! चांगली काय, अट चांगली?” बाईंनी फक्त हसून माझ्या हातावर शेंगाची चटणी ठेवली.

त्यानंतर बाई दर रविवारी पूर्वभागात गायब व्हायच्या. पोरी शाळेआधी-नंतर थांबू शकत नव्हत्या, कांड्या कोण भरणार? तर बाईच तिकडे जायला लागल्या. एका रविवारी त्यांनी मलाही ओढून नेलं. नरसम्माच्या घरी. खालच्या खोलीत चार माग धडधडत होते. आत पाऊल टाकलं आणि माझे कान बंदच झाले. त्या आवाजात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. मी हातानंच विचारलं, इथं शिकवता कसं?

बाईंनी मला भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं, बघा. म्हणजे ओठांनी सांगितलं.

आजूबाजूच्या घरांतल्या पोरी आपापले कांड्या भरायचे रहाट घेऊन तिथं येऊन बसल्या होत्या. पायाशी सुताच्या लडी, एका हातानं रहाट फिरतोय, दुसऱ्या हातातून सूत कांडीवर चढतंय. बाईंनी एका पाटीवर गणित लिहिलं आणि ती मागाच्या खांबाला टेकवली. उणे दोन क्ष मोठा आहे सहापेक्षा. आणि सगळ्या पोरींचे हात एकाच वेळी सुतावरून उठले. अंगठा आणि तर्जनी ताणून केलेलं ते चिन्ह, उघडं तोंड मोठ्याकडे. मग मनगट फिरलं, सगळ्यांचं एकदम, तोंड दुसरीकडे. उण्यानं भागलं ना! मग आडवं बोट, म्हणजे उणे. मग तीन बोटं. क्ष लहान आहे उणे तीनपेक्षा. हात पुन्हा सुतावर. रहाट एवढ्यात थांबलाही नव्हता.

बाईंनी पाटी पुसली, दुसरं गणित लिहिलं. पुन्हा हात उठले. खोलीत मागांच्या खडखडाटाशिवाय कसलाही आवाज नाही, एक पोरगी तोंड उघडत नाही, आणि बीजगणित चाललंय. मी बी.ए., बी.टी. झालेली बाई, शिकवण्याच्या पद्धतींवर निबंध लिहिलेली. मी त्या भिंतीला टेकून नुसती बघत राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. देवळात सुद्धा मला असं कधी झालेलं नाही.

चहा घ्यायला मागच्या अंगणात आलो तेव्हा बाईंनी सांगितलं, “हे मी नाही काढलेलं. मागावर बायका दिवसभर हातांनीच बोलतात. सूत तुटलं, कांडी संपली, भाकरी झाली, सगळं हातांनी. मी पहिल्या रविवारी आले तेव्हा ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मग हिच्या आईनं मला हात शिकवले, मी त्यात माझं चिन्ह घातलं.”

नरसम्माची आई बशीत चहा ओतत होती. ती म्हणाली, “बाई, पोरगीला ह्ये शिकून काय व्हनार? कांडी तर तशीबी भरतीय की ती.”

“नर्स होणार,” बाई म्हणाल्या.

आईनं चहा ओतायचा थांबवला. पोरीकडे बघितलं. पोरीनं मान खाली घातली. मग आईनं बाईंच्या बशीत आणखी चहा ओतला.

दिवाळीच्या आधी सहामाही झाली. बाई नववीच्या अ आणि क ला शिकवायच्या, दोन्ही तुकड्यांना एकच पेपर. दोन्हींचे पेपर बाईच तपासणार. तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला वर्गात बोलावलं आणि एक पेपर पुढं केला. नरसम्माचा. पासाला पस्तीस लागत होते. तिला तेहतीस होते.

“सगळी पास झाली क तुकडी,” बाई म्हणाल्या. “ही सोडून.”

मी पेपर पाहिला. गणितं बरोबर होती. मांडणी बरोबर, आकडे बरोबर. पण जिथं जिथं उण्यानं भागलं होतं तिथं चिन्हाचं तोंड फिरवलेलंच नव्हतं. प्रत्येक ठिकाणी तीच चूक. मला कळेना, जी पोरगी मागाशेजारी बसून एकदाही चुकली नव्हती ती इथं अशी कशी चुकली?

“मार्क न सांगता विचारलं मी तिला,” बाई म्हणाल्या. “पेपर लिहिताना ती डाव्या हातानं खुणा करत होती. पर्यवेक्षकांना वाटलं शेजारणीला उत्तर सांगतेय. हात बाकावर पालथा ठेव, हलवायचा नाही, असं बजावलं तिला. तिनं नाही हलवला.”

मला हुंदकाच आला. म्हणजे हात फिरला नाही म्हणून चिन्ह फिरलं नाही! मी म्हटलं, “बाई, मग द्या की दोन मार्क! तुम्हाला माहीत आहे तिला येतं. मांडणीचे द्या, अक्षराचे द्या, कशाचेही द्या. दोन मार्कांसाठी सगळ्या तुकडीचं जाईल. त्या पोरीचं जाईल!”

बाईंनी पेपर माझ्या हातातून काढून घेतला. “कमलताई, चुकलेल्याला बरोबर म्हटलं तर मी तिला लहान लेखलं. बिचारी आहे, घ्या सांभाळून, असं. ते मोठ्या बाईंचं झालं, माझं नाही. पेपरात आहे ते तेहतीस.” आणि मग डोळे पुसत, एकदम गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, “लई वंगाळ वाटतंय हो मला. पन तेहतीसच हाय.”

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले, काही काम नसताना. बाईंनी टेबलावर पेपरांचे दोन गठ्ठे ठेवले.

“मोठ्या बाई, क तुकडीतली एक नापास झाली.”

मोठ्या बाईंनी मान हलवली. त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही, त्यांचा चेहराही उतरलाच. “वाईट वाटतं बिराजदार. पण ठरलं होतं. काढावं लागेल.”

“ठरलंय ते ठरलंय,” बाई म्हणाल्या. “हा दुसरा गठ्ठा अ तुकडीचा. पेपर तोच, तपासणारी मीच. यात पाच नापास आहेत.”

बाहेर शिपाई घंटेपाशी उभा राहून आत बघायला लागला.

“तुम्ही अट सांगितलीत तेव्हा मी म्हटलं, अट चांगली आहे. अजून म्हणते. चांगली अट दोन्ही बाजूंना चांगली. आमच्यात एका बाजूला जे कराल तेच दुसऱ्या बाजूला करावं लागतं, नाहीतर मांडलेलं सगळं खोटं ठरतं. एक नापास झाली म्हणून क चं बीजगणित काढा. पाच झाल्या म्हणून अ चंही काढा. मी दोन्ही वर्गांना अंकगणित शिकवायला तयार आहे.”

अ तुकडीत कुणाकुणाच्या मुली होत्या ते मी सांगत बसत नाही. गावातले डॉक्टर, वकील, झालंच तर शाळेच्या मंडळातलेही. मोठ्या बाई दोन्ही गठ्ठ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग त्यांनी क च्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा पेपर उचलला. तो नरसम्माचा होता. त्यांनी पानं उलटली. त्या स्वतः एकेकाळी गणित शिकवायच्या, त्यांना चूक दिसली.

“हिला दोन मार्क दिले असतेत तर तुम्ही जिंकला असता. का नाही दिलेत?”

“मग हा गठ्ठा तुमच्यासमोर ठेवायला मला तोंड राहिलं नसतं,” बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. रोज त्यांना पाहत होते, चष्म्याशिवाय त्या दमलेल्या दिसायच्या हे मला त्या दिवशी कळलं. “कुणाचंच काढायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि वार्षिकला त्या मुलीला हात हलवू द्या. मी स्वतः पर्यवेक्षणाला उभी राहीन.” आणि खरंच राहिल्या. माणूस मोठं असतं हो. कशात ते आता मला विचारू नका.

त्याच संध्याकाळी बाई पूर्वभागात गेल्या, मला घेऊन. निकाल दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होता. माग चालू होते. नरसम्मानं रहाटावरून वर पाहिलं आणि तिला कळलं. बाईंनी हात वर केला. एका बाजूला तीन बोटं आणि मग पाच. दुसऱ्या बाजूला नरसम्माकडे बोट. मध्ये चिन्ह, उघडं तोंड पस्तिसाकडे. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. पोरीनं ते चिन्ह बघितलं. मग रहाट सोडला, आपला डावा हात वर केला आणि सावकाश मनगट फिरवलं. इथं चुकले. बाईंनी जोरजोरात मान हलवली आणि त्या खडखडाटात तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. लुगड्याला सूत चिकटलं, ते घरी जाईपर्यंत तसंच होतं.

वार्षिकला नरसम्मा पास झाली. किती मार्क, ते बाईंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेवटचं बाक मात्र शाळेतून लगेच गेलं नाही. ती रीत जायला आणखी दोन-तीन वर्षं लागली, आणि ती कुणा एकीमुळे गेली असं काही नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा दशक संपत आलं होतं. गावी भाऊ होता, त्याच्याकडे राहायला निघाल्या. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले. ट्रंक टपावर चढली, बाई खिडकीपाशी बसल्या. उन्हाळ्याचे दिवस, काच अर्धीच खाली येत होती. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि त्या घरघराटात आमचं बोलणं बुडून गेलं.

तेवढ्यात गर्दीतून कुणी तरी धावत आलं. पांढरा गणवेश, पांढरी टोपी हातात, धापा टाकत. नर्सिंगच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं तिचं, ड्यूटी संपवून तशीच आली होती. नरसम्मा खिडकीखाली उभी राहिली. ओरडून उपयोग नव्हता, आणि तिला ओरडायची सवयही नव्हती. तिनं हात वर केला. बाईंकडे बोट दाखवलं, स्वतःकडे दाखवलं, मध्ये अंगठा आणि तर्जनी ताणून ते चिन्ह केलं. उघडं तोंड बाईंकडे. तुम्ही मोठ्या. माझ्यापेक्षा मोठ्या.

बाईंनी ते नीट वाचलं. त्यांचे डोळे भरून आले होते, विभूतीचे पट्टे घामानं ओघळले होते. गाडी हलली. बाईंनी मान एकदा नकारार्थी हलवली, खिडकीतून पुढं वाकल्या, आणि मला ऐकू आलं नाही, पण ओठ मी स्पष्ट पाहिले.

“कशात?”